न्हाणीघरातल्या अडचणीच्या जागा

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्याने केली त्याच्या काळी न्हाणी घरात नव्हती. ती परसात, आमच्या नागपुरी भाषेत सांदवाडीत होती. एक शहाबादी फरशी, बाजूला पाण्याचे टाके, आडोशाला तट्ट्या आणि सांडपाणी केळीच्या बुडाशी. फरशी हलली तर खाली दगडाची चीप सरकवायची, की झाले काम. आता न्हाणी आणि संडास दोन्ही घराच्या पोटात आले आहेत. पाचशे-सहाशे फुटांच्या प्लॉटवर जिन्याखाली किंवा स्वयंपाकघराच्या पाठीला पाठ लावून चार बाय पाचची खोली निघते. तीतच नळ, तीतच ओरिसा पॅन, तीतच गीझर आणि कपड्यांची बादली. रमाई आवास योजनेतले घरकुल २६९ चौरस फुटांचे. संडास-न्हाणी त्यातूनच काढायची. एवढ्याशा जागेत भिंतीत पाणी मुरले तर ते बाहेर जाणार कुठे? ओट्यामागे उमटते, नाहीतर कपाटामागे. कपड्यांना कुबट वास येऊ लागला की घरच्या बाईच्या आधी लक्षात येते. घरधन्याला ते पोपडे पडल्यावर दिसते.

आम्ही गवंडी नाही. कचेरीत आकड्याखाली आकडा मांडणारी आम्ही माणसे. पण वस्तीत कोणाचे बांधकाम निघाले की नकाशापासून नळाच्या अर्जापर्यंत विचारायला मंडळी येतात, आणि मग कामावर उभे राहणे होतेच. अशा उभे राहण्यातून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. न्हाणीच्या मोठ्या, समोरच्या भिंतीची टाइल सहसा निघत नाही. निघते ती दाराच्या चौकटीलगतची तीन इंची पट्टी, संडासाच्या पाइपामागचा तुकडा, नळाच्या खालची जागा आणि जाळीजवळचा कोपरा. म्हणजे जिथे मिस्त्रीचा हात नीट पोहोचत नाही आणि मालकाची नजरही जात नाही, तिथूनच पाणी आत शिरते. म्हणून आजचा लेख सगळ्या टाइलकामावर नाही, या अडचणीच्या जागांवर आहे.

आधी मसाल्याविषयी थोडे. सहा बाय सहाच्या पांढऱ्या टाइल्स सिमेंट-रेतीच्या मालावर बसवल्या जात, त्या कामावर आमच्यापैकी अनेकांची घरे उभी आहेत आणि अजून टिकून आहेत. त्या टाइल्स पाणी पीत. म्हणून रात्रभर टाक्यात भिजत घालत. भिजलेल्या टाइलला सिमेंट धरते. भिंतीच्या सिरॅमिक टाइलमध्ये आजही वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी मुरू शकते. पण मोरबीहून येणारी विट्रिफाइड टाइल वेगळी. ती अर्धा टक्काही पाणी शोषत नाही. तिच्या पाठीत सिमेंटचे दूध शिरतच नाही. सुकल्यावर टाइल एका बाजूला आणि माल एका बाजूला, अशी गत होते. त्यासाठी अ‍ॅडेसिव्ह आले. आपल्याकडचे मिस्त्री त्याला 'केमिकल' म्हणतात, म्हणून लोक उगीच बिचकतात. ते मुळात सिमेंटच. त्यात चाळलेली बारीक वाळू आणि चिकटपणा देणारे पॉलिमर मिसळलेले असते. टाइल भिजवायची नाही, हा त्यातला पहिला बदल. जुन्या सवयीने पुष्कळ घरी टाइल्स टाक्यात घातलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

पिशवी घेताना आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि त्याखालचा प्रकार पाहावा. २०१९ च्या मानकात पाच प्रकार दिले आहेत. पहिला प्रकार घरातल्या साध्या सिरॅमिक टाइलचा. न्हाणीत विट्रिफाइड टाइल लावायची असेल तर दुसरा किंवा त्याच्या वरचा प्रकार मागावा, आणि जुनी टाइल न काढता तिच्यावरच नवी चढवायची असेल तर दुकानदाराला तसे स्पष्ट सांगून वरचा प्रकार घ्यावा. पिशवीवरचा महिना वाचावा. पावसाळ्यात दुकानाच्या फरशीवर थप्पी लागलेल्या पिशव्यांत गठ्ठे झालेले असतात. असा माल फोडून वापरण्यात अर्थ नाही. कंपनी कोणती, या वादात आम्ही पडत नाही.

लहान न्हाणीत अ‍ॅडेसिव्हचा आणखी एक फायदा आहे आणि तो कोणी सांगत नाही. सिमेंटचा माल भिंतीवर साधारण २० मिलिमीटर जाड बसतो, अ‍ॅडेसिव्ह ४ मिलिमीटर. एका भिंतीला १६ मिलिमीटर वाचले, समोरासमोरच्या दोन भिंतींना ३२. मिस्त्रीच्या मापात दहा सूत, म्हणजे सव्वा इंच. चार फुटांच्या खोलीत दार पॅनला घासते की सुटते, हे त्या सव्वा इंचावर ठरते. मात्र यासाठी गिलावा सरळ पाहिजे. सहा फुटी पट्टी भिंतीला लावून पाहा. पट्टीखाली एका सुतापेक्षा जास्त फट दिसली तर आधी गिलाव्याने ती भरून घ्या. पोट आलेली भिंत अ‍ॅडेसिव्हने सरळ करू म्हणणारा मिस्त्री तुमच्या पैशाने थर जाड करणार, आणि जाड थर सुकताना आकसून टाइल ओढणार.

ओलीपासूनचा बचावही टाइलच्या आधीच करावा. अ‍ॅडेसिव्ह आणि सांध्यात भरतात ते ग्राउट, दोन्ही पाणी पूर्ण अडवत नाहीत. फरशीवर आणि भिंतीच्या खालच्या फूटभर भागावर, नळाच्या बाजूला त्याहून वर, वॉटरप्रूफिंगचा थर देऊन जाळी बंद करावी आणि २४ ते ४८ तास पाणी साठवून पाहावे. वरच्या मजल्याची न्हाणी असेल तर हे टाळूच नये.

आता मुख्य मुद्दा. मोकळ्या भिंतीवर मिस्त्री दातेरी थापीने मसाला ओढतो. थापीच्या दातांमुळे मसाल्याच्या सरळ नाल्या उठतात, टाइल त्यांवर दाबून किंचित मागेपुढे सरकवली की नाल्या मोडतात, मधली हवा निघून जाते आणि टाइलची पाठ भरते. ओल्या जागी टाइलच्या पाठीचा निदान ९५ टक्के भाग मसाल्याने धरलेला असावा, असे या धंद्यातले जाणकार मानतात. अडचणीच्या जागी काय होते? दहा-बारा इंची थापी तीन इंची पट्टीत वळत नाही. मग मिस्त्री घमेल्यातून मसाल्याचे गोळे उचलतो, तुकड्याच्या पाठीवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक ठेवतो, आणि थापटून मोकळा होतो. वरून पाहणाऱ्याला टाइल सुंदर बसलेली दिसते.

याचा हिशेब आम्ही करून पाहिला. बारा बाय अठराची टाइल म्हणजे २१६ चौरस इंच. एक गोळा दाबून चार इंच व्यासाचा पसरला तर साडेबारा चौरस इंच. पाच गोळ्यांचे झाले सुमारे ६३. म्हणजे टाइलची जेमतेम तीस टक्के पाठ धरली, सत्तर टक्के अधांतरी राहिली. त्या पोकळीत सांध्यातून झिरपलेले पाणी साठते आणि बाहेर यायला वाट नसल्याने भिंतीकडे जाते. मुंग्या तिथे घर करतात. पुढे कधी म्हाताऱ्या माणसासाठी धरायचा दांडा लावायला भिंतीला ड्रिल लावले की पोकळ टाइल ताडकन फुटते. आणि ज्या दांड्याच्या आधाराने आजोबा उठणार, तो पोकळ जागी बसला तर त्याचा भरवसा काय?

उपाय सोपा आहे. फक्त वेळ खातो. भिंतीवर थापी चालत नसेल तर मसाला टाइलच्या पाठीवर लावावा. तोसुद्धा दोनदा. पहिल्या वेळी पुट्टी भरायच्या दोन इंची पत्तीने अगदी पातळ हात, पण जोर देऊन, टाइलच्या पाठीच्या जाळीत मसाला घुसेल असा. पाठीवर पांढरी पावडर असते, ती आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि टाइल कोरडी होऊ द्यावी. दुसऱ्या वेळी जाड हात, आणि त्यावर दातेरी पत्तीने नाल्या. एवढी लहान दातेरी थापी बाजारात मिळाली नाही तर जुन्या पत्तीला हेक्सॉ ब्लेडने सहा-सहा मिलिमीटरच्या खाचा पाडून घ्याव्यात. दहा मिनिटांचे काम आहे. भिंतीवरही सपाट पत्तीने पातळ हात ओढावा, म्हणजे ओला मसाला ओल्या मसाल्याला मिळतो. काठाला एक सूत जागा मोकळी ठेवावी. नाहीतर दाबल्यावर मसाला सांध्यात येतो आणि ग्राउटला जागा उरत नाही.

नाल्यांची दिशा हा त्यातला खरा बारकावा आहे. दाराच्या चौकटीलगतची पट्टी तीन इंच रुंद आणि दीड फूट उंच असेल, तर नाल्या आडव्या पाहिजेत, तीन इंचांच्या दिशेने. उभ्या ओढल्या तर हवेला बाहेर यायला दीड फूट प्रवास करावा लागतो आणि ती मध्येच कोंडते. गोल गोल फिरवलेल्या थापीने तर हवा हमखास कोंडते. दिसायला मात्र ती नक्षी छान दिसते. आणि अशी पट्टी मागेपुढे सरकवता येत नाही, तेव्हा लाकडाचा गुळगुळीत ठोकळा ठेवून रबरी हातोडीने वरपासून खालपर्यंत ठोकत यावे. दोन्ही काठांना मसाला किंचित फुगून आला की पाठ भरली असे समजावे. फुगलेला मसाला ओला असतानाच काढून टाकावा.

पाइपामागची जागा याहून नाठाळ. चार इंची पाइप भिंतीपासून दोन इंचांवर क्लॅम्पने बसवलेला असतो. समोरून टाइल लावता येत नाही, बाजूने सरकवावी लागते. अशा वेळी भिंतीवर जाड मसाला लावला तर टाइलचा काठ तो नांगरासारखा पुढे ढकलत नेतो आणि मागे भिंत कोरडी राहते. म्हणून मसाला टाइलवर, आणि नाल्या ज्या दिशेने टाइल सरकणार त्याच दिशेने. तुकडे दोन करावेत, सांधा पाइपाच्या बरोबर मागे आणावा, दोन्हीकडून एकेक आत सरकवावा आणि लांब लाकडी पट्टीने मागे रेटावा. नळाच्या तोंडाभोवती भोक पाडताना ते चकतीखाली झाकेल एवढेच पाडावे आणि भोकाच्या कडेने मसाला पूर्ण भरावा. नळाला डमी लावून तोंड बंद ठेवावे, नाहीतर मसाल्याचा गोळा पाइपात जातो.

अर्थात सगळ्यात चांगला उपाय म्हणजे जागा अडचणीची राहूच न देणे. नवीन कामात पाइप आणि टाइल यांचा क्रम प्लंबर आणि टाइलवाला यांनी एकत्र बसून ठरवावा. आधी टाइल, मग पाइपाचे क्लॅम्प. जुन्या कामात पीव्हीसीचा पाइप, वॉश बेसिन, दाराची पत्र्याची फळी या गोष्टी अर्ध्या दिवसात काढून ठेवता येतात. आणि काम सुरू करण्यापूर्वी टाइल्स कोरड्याच मांडून पाहाव्यात. मधून सुरुवात केली आणि मोजमाप सांभाळले तर दोन्ही कोपऱ्यांत अर्ध्या टाइलपेक्षा लहान तुकडे येत नाहीत. एका कोपऱ्यातून सरसकट सुरुवात केली की शेवटी बोटभर पट्टी उरते आणि ती नेमकी दाराजवळ येते.

जाळीविषयी एक गंमत. इमारतशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांतही तिला 'नहाणी ट्रॅप' असेच म्हणतात. आपला शब्द तिकडे गेला, पण आपण मात्र 'बाथरूम' म्हणू लागलो. असो. या ट्रॅपच्या चारी बाजूंनी ढाळ जमवण्यासाठी टाइलचे त्रिकोणी तुकडे होतात. त्यांची टोके अणकुचीदार असतात, आणि टोकाखाली मसाला नसला की पहिल्या बादलीच्या आदळण्याने ती उडतात. मसाला टोकापर्यंत भरलेला आहे हे तुकडा बसवण्यापूर्वीच उलटा धरून पाहावे. ढाळ मात्र आधी खालच्या मालात काढलेला असावा, फुटाला दीड-दोन सूत. अ‍ॅडेसिव्ह जाड-पातळ करून ढाळ देणे म्हणजे उसनवारीवर संसार करणे.

ओरिसा पॅनच्या कडेने टाइल घट्ट भिडवू नये. दोन सूत फट ठेवून ती सिलिकॉनने भरावी. भिंत आणि फरशी जिथे मिळते तो कोपरा, आणि दोन भिंतींचा उभा कोपरा, येथेही तसेच. नागपूरकरांना याचे कारण वेगळे सांगायला नको. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; पाया उथळ असेल तर घरही तिच्याबरोबर थोडे हलते. कोपऱ्यात सिमेंटसारखे कडक ग्राउट भरले तर पहिल्याच उन्हाळ्यात तिथे केसासारखी चीर पडते आणि तीच पाण्याची वाट होते.

आणि नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. भिंतीवर ओढलेला मसाला एरवी पंधरा-वीस मिनिटे ओला राहतो. तेव्हा निम्मा वेळ धरावा. बोट लावून पाहावे. मसाला बोटाला लागला नाही तर त्यावर साय धरली. तो खरवडून टाकायचा. वरून पाणी शिंपडून टाइल चिकटवायची नाही. अडचणीच्या जागी कापाकापीत वेळ जातो, म्हणून तिथे आधी सगळे तुकडे कापून क्रमांक टाकून ठेवावेत आणि मगच मसाला कालवावा. कालवायचाही थोडा, तीन-चार किलो. प्रमाण पिशवीवर छापलेले असते. साधारण २० किलोला ५ ते ६ लिटर पाणी, म्हणजे चार किलोला सव्वा लिटरच्या आत. आधी पाणी, मग पावडर. कालवून पाच मिनिटे झाकून ठेवावे, पुन्हा ढवळावे आणि वापरावे. घमेल्यात घट्ट होऊ लागलेल्या मसाल्यात पाणी घालून तो सैल करणे, ही जुन्या हातांची खोड फार वाईट. पश्चिमेची तापलेली भिंत असेल तर आधी पाण्याने थंड करून पाणी निथळू द्यावे, आणि काम सकाळी उरकावे.

किती पिशव्या लागतील? चार बाय पाचच्या न्हाणीच्या चार भिंतींचा घेर १८ फूट. सात फुटांपर्यंत टाइल धरली तर १२६ चौरस फूट, त्यातून अडीच बाय सातचे दार वजा केले तर साडेएकशेआठ, फरशी २०. एकूण १२८ च्या आसपास. थर ३ मिलिमीटरचा असेल तर २० किलोची पिशवी पन्नास चौरस फुटांना पुरते. म्हणजे तीन पिशव्या. पाठीवर दुहेरी हात लावायचा आहे म्हणून चौथी जवळ असलेली बरी; उघडली नाही तर दुकानदार परत घेईल का, हे आधीच विचारून ठेवावे.

आता पैशाचे बोलू, कारण आमच्या मते खरी पोकळी तिथे आहे. टाइलचे काम चौरस फुटावर ठरते. दाराजवळची तीन इंची पट्टी सात फूट उंच असली तरी ती भरते पावणेदोन चौरस फूट. तिच्यासाठी पाच टाइल्स कापायच्या, पाच वेळा पाठ भरायची, पाच वेळा ओळंबा पाहायचा. तेवढ्या वेळात मिस्त्री समोरच्या भिंतीवर दहा-बारा चौरस फूट सहज लावतो. ज्या जागेला सर्वांत जास्त वेळ हवा, तिचे पैसे सर्वांत कमी! मग तो तिथे गोळे लावून पुढे सरकला तर त्याला एकट्याला दोष देता येत नाही. त्यालाही संध्याकाळी घरी पीठ न्यायचे असते. मालक मंडळी मात्र भाव करताना चौरस फुटामागे दोन रुपये तोडले याचा आनंद मानतात.

आमचे सांगणे असे की, मोकळ्या भिंती ठेक्याने द्याव्यात आणि अडचणीच्या जागा रोजीने. किंवा कापलेल्या तुकड्यांचा दर नगावर ठरवावा. काम सुरू होण्यापूर्वी मिस्त्रीसोबत न्हाणीत उभे राहून खडूने त्या जागांवर फुल्या कराव्यात, आणि कागदावर लिहावे : या जागी गोळे चालणार नाहीत, मसाला पाठभर पाहिजे, त्याचे एवढे वेगळे पैसे. आम्ही हे दोन-तीन घरी करून पाहिले. मिस्त्री नाराज तर झाले नाहीतच, उलट एकाने स्वतः होऊन आणखी दोन फुल्या मारल्या.

आणि मग ऑडिट करावे. फुली मारलेल्या जागेतली एक टाइल, बसवल्या बसवल्या, मसाला ओला असताना मिस्त्रीलाच काढून दाखवायला सांगावी. पाठीवर कोरड्या रेषा दिसल्या तर नाल्या मोडल्या नाहीत. मसाला वाढवावा किंवा दाब वाढवावा. पाठ सगळी माखलेली दिसली तर तीच टाइल पुन्हा मसाला लावून बसवावी. एका टाइलचे नुकसान होत नाही. दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकून ऐकावे. पोकळ जागेचा आवाज कानाला लगेच वेगळा कळतो. ग्राउट भरण्यापूर्वीच हे करावे, नंतर टाइल काढणे म्हणजे भांडण.

घरात एकच संडास असेल तर आणखी एक अडचण येते, आणि पुरुष मंडळी तिचा विचार शेवटी करतात. बसवल्यावर फरशीवर निदान २४ तास पाय पडू नये, ग्राउट त्यानंतर, आणि पाणी ग्राउट सुकल्यावर. म्हणजे चार-पाच दिवस न्हाणी बंद. घरच्यांची सोय नसेल तर रात्रीच कोणीतरी ओल्या टाइलवरून जाते आणि पॅनजवळच्या त्याच नाजूक जागा हलतात. लेकीबाळींनी आणि म्हाताऱ्यांनी जायचे कुठे, हे शेजारी विचारून, वेळा ठरवून, मगच पहिली टाइल उखडावी. ते शक्य नसेल तर भिंती आधी आणि फरशी शेवटी करावी, म्हणजे बंदचे दिवस कमी होतात. शाळेच्या परीक्षा आणि घरातले आजारपण पाहून तारीख धरावी. ही तारीख घरच्या बाईने ठरवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मसाला कालवतो कोण? नागपुरात बहुधा रेजा. सकाळी ठिय्यावरून मिस्त्रीबरोबर आलेली बाई पाण्यात पावडर ओतते आणि पुष्कळदा हातानेच ढवळते. सिमेंट जहाल अल्कधर्मी असते. दिवसभरात बोटांच्या बेचक्यांतली कातडी निघते, आणि काहींना पुढे सिमेंटचा स्पर्शही सोसत नाही असा त्वचारोग जडतो. रबरी हातमोज्यांची जोडी आणि ढवळायला ड्रिलला लावायची दांडी, एवढे मालकाने द्यायला काय हरकत आहे? टाइल कापताना उडणारी धूळ त्याहून वाईट. तिच्यातली सिलिका फुप्फुसात बसली की निघत नाही. चार बाय पाचच्या कोंदट न्हाणीत कोरडे कटर चालवू देऊ नये. कापणे अंगणात, पाण्याची धार धरून, आणि तोंडाला रुमालाऐवजी एन-९५ मास्क. पाणी आणि वीज एकत्र येत असल्याने विजेचा झटका बसताच पुरवठा तोडणारे आरसीसीबी बसवलेल्या जोडणीवरूनच कटर चालवावे.

१९९६ च्या कायद्याखाली बांधकाम कामगारांसाठी स्थापन झालेले महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. वय १८ ते ६० आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम, एवढे असले की नोंदणी होते. टाइल लावणारा जसा पात्र, तशीच मसाला कालवणारी रेजाही पात्र. पण नोंदणीला चलायचे म्हटले की मिस्त्री जातो आणि तिचे राहून जाते. आपल्या घरी काम चालू असताना तिला हे विचारावे, कागदपत्रांची यादी करून द्यावी. आपल्या वस्तीत अर्ज भरून देणारी शिकलेली मुले-मुली आहेत, त्यांची गाठ घालून द्यावी.

काम संपल्यावर पाच-सहा टाइल्स उरतील अशा बेताने आणाव्यात आणि माळ्यावर उभ्या ठेवाव्यात. डब्यावरचा बॅच नंबर आणि रंगछटेचा क्रमांक, अ‍ॅडेसिव्हचा प्रकार, ग्राउटचा रंग आणि पाइप भिंतीत कुठून गेला याचे हाताने काढलेले चित्र, हे सर्व एका कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फायलीत लावावे. पाच वर्षांनी नळ बदलायला येणारा प्लंबर ड्रिल कुठे लावायचे हे तुम्हालाच विचारणार आहे.